समुद्रातल्या जमिनीचा सारा

खारबंदर, ता. मालवण
१२ जून १९६१

ती. दादास आनंदीचा नमस्कार.

पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा आधी पाणी पिऊन घे. राग तुझ्यावर नाही. पण मला ओळखीचा सरकारी माणूस तू एकटाच, मग ओरडू कोणावर?

काल तलाठी दाराला नोटीस चिकटवून गेला. यांच्या नावावर मांगराच्या जागेचा सारा थकलाय, दंडासकट भरा, नाहीतर जप्ती. मांगर तुला आठवत असेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं आमचं मोठं जाळं, ठेवायची झापांची मोठी खोपी, माझ्या लग्नात तुम्ही सगळे तिथेच जेवलात. ती जागा आता बघायची तर पोहता यायला हवं. मागे उधाण आलं तेव्हा ती माडांसकट समुद्रात गेली. यांनी तलाठ्याला हात धरून किनाऱ्यावर नेलं, पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "जमीन समुद्रान खाल्ल्यान, सारो तेच्याकडे मागा." तलाठी म्हणतो, "उताऱ्यावर समुद्राचं नाव नाही, तुमचं आहे."

जागा कधी यांच्या एकट्याची नव्हतीच. कागदावर कोणाचं तरी नाव लागतं म्हणून सासऱ्यांचं लागलं, त्यांच्यामागे यांचं. वाडी जमली आणि ठरलं, की पाण्याखालच्या जमिनीचा सारा कोणी भरायचा नाही. आज भरला तर जन्मभर भरत राहू. मलाही ते पटलं आहे.

तू वसुलीच्याच टेबलावर बसतोस. सरकार आता काय काय करू शकतं ते सरळ सांग. गोड करून सांगू नको.

पद्मावतीवहिनींना नमस्कार, मुलींना पापे.

तुझी आनंदी

*

रत्नागिरी
२१ जून १९६१

चि. सौ. आनंदीस अनेक आशीर्वाद.

पाणी प्यायलो. तुझं म्हणणं माणसाच्या बुद्धीला पटतं, पण कायदा वेगळं चालतो. समुद्राने जमीन नेली तर सारा कमी होतो, नाही असं नाही. मात्र निदान अर्धा एकर गेली पाहिजे. तुमचा मांगर पाच गुंठ्यांचा. तेवढी गेली ती कायद्याच्या लेखी गेलीच नाही. हे मी केलेलं नाही, तेव्हा माझ्यावर भांडी आपटू नको.

आता पुढचं. नोटीस झाली. तिची मुदत संपली की जंगम मालाची जप्ती येते, म्हणजे उचलून नेता येईल ते. पंचनामा होतो, मग दवंडी पिटून लिलाव. त्यानेही भागलं नाही तर जमिनीवर हात टाकतात, ती तर तुमची समुद्रातच आहे. शेवटी माणसालाही अटक करता येते, पण एवढ्याशा रकमेसाठी तसं कोणी करत नाही.

घरात नेण्यासारखं काय आहे ते मला माहीत आहे. त्यांचा डोळा रापणीवर असणार. म्हणून नीट वाच. मंगळसूत्र, स्वैंपाकाची भांडी आणि माणसाच्या धंद्याची हत्यारं यांना जप्ती लागत नाही. तू मागे म्हणाली होतीस की रापण घरटी एकेक तुकडा जोडून होते आणि पावसाळ्यात ज्याचा तुकडा त्याच्या घरी असतो. उत्तम. तुकडा ज्याच्या घरात, त्याचं ते हत्यार. त्याला कोणी हात लावणार नाही. पण एकत्र शिवलेलं जाळं महादूभावोजींच्या अंगणात सापडलं, तर ते त्यांचा माल म्हणून उचलतील. तेव्हा अर्जाचा निकाल लागेपर्यंत रापण शिवू नका. अर्जाचा मसुदा सोबत पाठवतो.

एवढं एक ऐक.

तुझा दादा
रविकांत

*

खारबंदर
३१ ऑगस्ट १९६१

ती. दादास नमस्कार.

रापण गेली.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं. वाडीचे मानकरी गावकर, त्यांनाही दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली. अर्ज केला, त्याचं उत्तर नाही. तेवढ्यात नारळी पुनव आली. आपण कस्टमच्या शिपायाची पोरं, आपल्याला ती नारळ फोडण्यापुरती. इथे पुनवेआधी रापण शिवून मांडावर, वाडीच्या देवाच्या जागेवर, ठेवतात, गावकर देवाला गाऱ्हाणं घालतात आणि समुद्राला सांगतात की आमची रापण एक आहे, आम्ही एक आहोत. शिवलेली रापण मग मोसम संपेपर्यंत उसवत नाहीत. तुकडे घरात ठेवून गाऱ्हाणं घालायचं कसं? देवाशी खोटं बोलायचं? मीच म्हटलं, शिवूया, बघू काय होतं ते. मी म्हटलं नसतं तरी शिवलीच असती.

पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी सर्कल इन्स्पेक्टर आला, तलाठी आला, कोतवाल आला आणि बैलगाडी. मांडावरून अंगणात आणून ठेवलेली रापण त्यांनी मोजली, पंचनामा केला. सर्कल मोठ्या सभ्यपणे म्हणाला, "ज्यांचे तुकडे असतील त्यांनी हरकत घ्यावी, आपापला तुकडा दाखवावा, आम्ही सोडून देऊ." आपापला तुकडा दाखवायचा म्हणजे रापण उसवायची. गोदूबाई, आमच्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी, पुढे झाली आणि म्हणाली, "माझो तुकडो खंय आसा ता माका ठावक आसा. पन तुका दाखवचंय नाय." एकानेही हरकत घेतली नाही. बैलगाडी गेली आणि मग बायका रडल्या. मी रडले नाही, माझ्या डोक्यात नुसती आग पेटली आहे.

नावावर एकाच्या सारा आणि उचललं सगळ्या वाडीच्या तोंडचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरही कोणी नाही.

आनंदी

*

रत्नागिरी
८ सप्टेंबर १९६१

चि. सौ. आनंदीस आशीर्वाद.

काय लिहू? एवढं एक ऐक म्हटलं होतं. दार उघडं ठेवून चोराला बोलावण्यासारखं केलंत.

झालं ते झालं. लिलावाच्या आधी थकबाकी भरली की जप्ती उठते. भरताना 'हरकत राखून भरतो' असं लिहून द्या आणि मग अपील करा. पैसे मी पाठवतो. परत द्यायची घाई नाही. मोसम तोंडावर आहे, वाडीतल्या पोरांनी वर्षभर मानाने उपाशी राहायचं का, एवढं भावोजींना विचार.

रविकांत

*

खारबंदर
३ ऑक्टोबर १९६१

ती. दादास नमस्कार.

पैसे पाठवू नको. पाठवलेस तर मनीऑर्डर परत येईल, पोस्टमन लवू आमच्याच वाडीचा आहे.

तुला गंमत सांगते. काल रापणीचा लिलाव झाला. चावडीसमोर रापण पसरली, कोतवालाने दवंडी पिटली. माणसं तर देवाच्या जत्रेला जमावी तशी जमली. आमची वाडी, शेजारच्या दोन वाड्या, बाजारातले व्यापारी. सर्कल म्हणाला, बोला. कोणी बोलेना. सरकारी बोली त्याने स्वतः खाली आणली, आणखी खाली आणली. एक माणूस खोकला, सगळ्यांनी वळून बघितलं, तो बिचारा खोकलाच होता. शेवटी लिलाव तहकूब.

हे कोणी शिकवलेलं नाही, दादा. या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या जप्तीतल्या जाळ्यावर बोली लावत नाहीत. लावली तर ते जाळं समुद्रात जात नाही. ज्याने बोली लावली त्याने मांडावर उभं राहून स्वतःच्या तोंडाने ती मागे घ्यायची, मगच गाऱ्हाणं होतं. अशी कोणी लावल्याचं गोदूबाईलासुद्धा आठवत नाही.

मामलेदार चांगला माणूस दिसतो. यांना म्हणाला, पुढच्या खेपेसही बोली आली नाही तर मी वर लिहितो, की ही वसुली होण्यासारखी नाही आणि जागा प्रत्यक्ष पाहून नाव कमी करावं. म्हणजे एकच लिलाव आणखी सोसायचा. पुरुष दुसऱ्यांच्या होड्यांवर रोजाने जात आहेत, चुली अर्ध्या पेटतात, पण कोणी कुरकुरत नाही. किती दिवसांनी मला या वाडीत सून असल्याचा गर्व वाटला.

आनंदी

*

रत्नागिरी
१० ऑक्टोबर १९६१

चि. सौ. आनंदीस आशीर्वाद.

गर्व वाटला, बरं झालं. पण मी अशा फायली रोज बघतो. मामलेदार बोलतात ते कागदावर उतरतंच असं नाही. तुमच्याकडे गिऱ्हाईक मिळालं नाही तर माल इथे रत्नागिरीत आणून विकतील, आणि इथल्या व्यापाऱ्याला तुमचा मांड माहीत नाही. मग जाळं कायमचं गेलं.

तू काळजी करू नको. काहीतरी होईल.

रविकांत

*

खारबंदर
२८ ऑक्टोबर १९६१

ती. दादास नमस्कार.

काहीतरी झालं खरं.

दुसऱ्या लिलावाला मसुऱ्याच्या अब्बासभाईंनी बोली लावली. तुझ्या वर्गातले अब्बास, सुकी मासळी घेऊन तळेऱ्याच्या, वैभववाडीच्या बाजाराला जातात ते. आमच्या अंगणातली सुकट इतकी वर्षं त्यांनीच उचलली. नेहमी रोख, कधी घासाघीस नाही. माझ्या सुगंधाच्या बारशाला त्यांची बायको बदरुन्निसा तांब्याभर दूध आणि आबोलीचा वळेसर घेऊन आली होती. तो माणूस खाली मान घालून पुढे झाला, रक्कम बोलला आणि सर्कलने तिथल्या तिथे हातोडी मारल्यासारखं टेबल थोपटलं. पुरी थकबाकी, दंड, दवंडीचा खर्च, सगळं वसूल. अब्बासभाईंनी गाडी आणली होती.

मी रस्त्यात आडवी झाले आणि त्यांना म्हटलं, "भाई, तुमका आमचीच रापण गावली?" त्यांनी बैल हाकले.

आता वाडीत त्यांना कोणी मासळी देत नाही. कोणी पाणीसुद्धा देत नाही. मसुऱ्याच्या बाजारात आमच्या बायकांनी बदरुन्निसाशी बोलणं टाकलं आहे, मीही टाकलं आहे. मामलेदाराने वर काही लिहिलं नाही, लिहिणार तरी काय? वसुली झाली की. उताऱ्यावर नाव तसंच, पुढच्या सालचा सारा तसाच. आम्ही एवढे दिवस दात-ओठ खाऊन धरलं ते एका माणसाने एका वाक्यात घालवलं. दादा, मला त्याचं तळपट व्हावंसं वाटतं. असं लिहू नये, पण वाटतं.

आनंदी

*

रत्नागिरी
५ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. आनंदीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तळपट वगैरे लिहू नये. अब्बास व्यापारी माणूस, त्याच्या मनात काय असेल ते आपल्याला काय ठाऊक? थोडी कळ काढा. मला वाटतं की तो रापण तुम्हाला परत देईल. दिली तर फार चौकशा न करता घ्या आणि समुद्रात लोटा. देवाला पोरांची पोटं कळतात.

या दिवाळीत रजा नाही, भाऊबिजेला येता येणार नाही. ओवाळणी मनीऑर्डरने पाठवतो. ही तरी लवूला परत करायला लावू नको.

रविकांत

*

खारबंदर
६ डिसेंबर १९६१

दादास,

ओवाळणी घेतली. सुगंधाला परकर शिवला. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

तू म्हणालास तसंच झालं. मागल्या आठवड्यात अब्बासभाई गाडीत रापण घालून मांडावर आले. सगळी वाडी जमली. ते म्हणाले, "रापण तुमची आसा, घेवा. माका एक पैसो नको." गावकर म्हणाले, "बरां झालां. मांडार उभो रव आनि तोंडान सांग, बोली माझी होती, ती मागे घेतलंय." अब्बासभाई उभे राहिले, पण देवासमोर खोटं त्यांच्याने बोलवेना, त्यांचा देव नव्हे तरी. गावकरांनी ओळखलं. विचारलं, "पैशे कोणाचे?" ते म्हणाले, "ता माका इचारू नकात." मग गावकर म्हणाले, "तर ही रापण आमी घेवचंव नाय." गाडी आली तशी परत गेली. पोरांनी मागून दगड मारले. एक अब्बासभाईंच्या पाठीला लागला, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे मुंबईला गेले, ससून डॉकवर खलाशी म्हणून. महादू तारी, रापणीचा तांडेल, सगळ्या दोरांचा म्होरक्या, दुसऱ्याच्या बोटीवर दोर ओढायला.

आणि काल बदरुन्निसा माझ्या दारात आली. मी दार लावून घेत होते, तिने हात मध्ये घातला. म्हणाली, "तुझ्या भावान सांगल्यान म्हणान ह्यांनी बोली लावल्यानी. पैशे तेचे, शब्द तेचो. ह्यांनी दिलेलो शब्द मोडूचे नाय. माझ्यान आता गप रवाक होत नाय गो."

माझ्या मनात आलं, खोटं बोलते. मग तुझं पत्र आठवलं. 'रापण परत देईल.' तुला कसं ठाऊक होतं, दादा?

उत्तर दे. कायद्याचं नको.

आनंदी

*

रत्नागिरी
१८ डिसेंबर १९६१

चि. आनंदी,

हो.

वसुली खात्यातल्या माणसाला लिलावात बोली लावता येत नाही. स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या आडूनही नाही. कळलं तर नोकरी जाते. म्हणून अब्बासला गाठलं. तो आधी नाही म्हणाला, मी शाळेतल्या मैत्रीची शपथ घातली. तुमचा मांडाचा नियम तू लिहिला होतास, पण मला वाटलं, हे नुसतं बोलायचं असतं, भूक लागली की जाळं समुद्रात जातं. चुकलो. पण मी काही कोणाचं हिसकावलं नाही, आनंदी. मुलींसाठी साठवलेले पैसे घातले. पद्मावतीला अजून सांगितलेलं नाही. जाळं वाचवायला घातले, हे तरी धर.

अब्बासला दगड मारल्याचं वाचून मला जेवण गेलं नाही. पण तू सांग, मी काय करू? मांडावर उभा राहून बोललो तर तिथे तलाठ्याची माणसं असणार. मार्चमध्ये माझं अव्वल कारकुनाचं नाव लागायचं आहे. तेवढं होऊ दे. मार्चनंतर मी येतो. नाहीतर असं कर, गावकर आणि दोघे-चौघे विश्वासातले एवढेच जमव, मी काळोख पडल्यावर येतो, बोलतो आणि पहाटेच्या गाडीने परततो. तोवर ही गोष्ट तुझ्याजवळ ठेव. भावासाठी एवढं कर.

तुझा दादा

*

खारबंदर
३ जानेवारी १९६२

रविकांत खवणेकर यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला 'तू' म्हणायला आज जीभ वळत नाही.

तुम्ही लिहिता, कोणाचं हिसकावलं नाही. मी सांगते काय हिसकावलंत. गप्प बसून आम्ही सरकारला हरवत आणलं होतं. एवढ्या माणसांनी उपास काढून जे धरलं, ते तुम्ही विकत घेतलंत. समुद्रातल्या जमिनीचा सारा माझ्या भावाने भरला. आता ती जमीन आमच्या नावावर कायमची पक्की झाली. परवाच नव्या सालची नोटीस आली, दाराला चिकटवलेली. तुमच्या या मदतीला आमच्यात म्हणतात, भीक नको पण कुत्रा आवर.

तरी हे मी माफ केलं असतं. अडाणीपणाने केलंत, मायेने केलंत, असं म्हटलं असतं आणि चार दिवस भांडून गप्प झाले असते. माफ होत नाही ते दुसरंच. मी तुम्हाला पत्रातून अब्बासभाईंना शिव्या दिल्या आणि तुम्ही त्या वाचून घेतल्यात. त्यांचं तळपट व्हावं असं लिहिलं, तर तुम्ही मला वळण शिकवलंत, की असं लिहू नये. 'व्यापारी माणूस, त्याच्या मनात काय असेल ते आपल्याला काय ठाऊक.' हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत. त्यांच्या पाठीला दगड लागला तो तुमच्या वाटणीचा होता. आणि तुम्हाला जेवण गेलं नाही. बदरुन्निसाच्या घरी दोन महिने धंदा नाही, त्यांना जेवण आहे की नाही ते विचारलंत?

मार्च कोणाचा, ते मला कळत नाही. रापणीचा मोसम मार्चमध्ये सरत येतो.

गोष्ट माझ्याजवळ ठेवा म्हणालात. ठेवली नाही. गोवा सुटला म्हणून इथे साखर वाटली, त्या दिवशी वाडी मांडावर होतीच. मी उभी राहिले आणि सांगितलं, की बोली अब्बासभाईंची नव्हती, माझ्या भावाची होती. मग गोदूबाई काठी टेकत उठली आणि थेट मसुऱ्याची वाट धरली. तिच्यामागे आम्ही सगळ्या गेलो. अब्बासभाईंच्या ओट्यावर ती बसली आणि म्हणाली, "बदरुन्निसा, पानी दी गो." पाणी प्यायली, आम्हीही प्यायलो. एवढीच माफी मागितली. बदरुन्निसा रडली. मीही तेव्हा रडले, पहिल्यांदा.

यांना तार केली. हे आले आहेत. तुमच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, मीही काढलेला नाही.

आता काळोखाचं. काळोख पडल्यावर येऊ नका. दोघे-चौघे जमवायचे नाहीत. बोली भर दुपारी चावडीसमोर लागली, ती भर दिवसा मांडावर मागे घ्यायची. तलाठी असणार, मी स्वतः त्याला बोलावलं आहे. तुमची नोकरी जाईल की राहील ते मला माहीत नाही. गेली तर खारबंदरात रापणीच्या दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तुम्हालाही मिळेल. तुमच्या मुली इथे उपाशी राहणार नाहीत, हे मी पद्मावतीवहिनींना वेगळं लिहिलं आहे. पैसे कुठे गेले तेही लिहिलं आहे.

पौषी पुनवेला सकाळी गाऱ्हाणं आहे. गावकर विचारतील, बोली कोणाची. मी सांगणार, माझ्या भावाची. मग ते म्हणतील, भावाने पुढे यावं. तुम्ही असाल तर तुम्ही पुढे या. नसाल तर अब्बासभाई येतील. मी त्यांना विचारलं आहे. त्यांच्याआधी बदरुन्निसाच हो म्हणाली. गावकरांना विचारलं, की मांडावर आनंदीचा भाऊ म्हणून अब्बास उभा राहिला तर देव ऐकेल का. ते म्हणाले, ऐकतलो.

त्या दिवशी जो उभा राहील तो माझा भाऊ. दुसरा मला नाही.

एस. टी. आदल्या संध्याकाळी येते. उतरून घ्यायला कोणी येणार नाही.

आनंदी महादू तारी